संघ तिघांचा, उत्तर एकाचे

नोव्हेंबर उजाडला की शाळाशाळांतून आंतरशालेय प्रश्नमंजुषेची तयारी सुरू होते आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन पार पडेपर्यंत ती चालू राहते. विज्ञान, गणित, इतिहास, भूगोल, भाषा, खेळ, चालू घडामोडी असे अनेक विषय, प्रत्येक शाळेचा तीन विद्यार्थ्यांचा संघ, चार-पाच फेऱ्या आणि शेवटी ढाल, हे या स्पर्धांचे सर्वसाधारण स्वरूप आपल्या परिचयाचे आहे. संशोधनाच्या कामातून वेळ काढून पिंपळे गुरव, सांगवी, कासारवाडी, भोसरी या परिसरातील अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला गेली काही वर्षे येत आहे. नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते. मग ज्या उपक्रमावर शाळा दरवर्षी दोन-तीन महिने खर्च करतात त्याचेही व्हावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. परीक्षण स्पर्धेच्या रचनेचे आणि तिच्यासाठी होणाऱ्या तयारीचे आहे. त्यात राबणाऱ्या शिक्षकांचे किंवा मुलांचे नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

तयारीची रीत

तयारीची रीत बहुतेक शाळांत सारखीच असते. आठवी-नववीच्या वर्गांतून पहिल्या पाचांत येणारी तीन मुले निवडली जातात, एखादा विद्यार्थी राखीव ठेवला जातो. मग विषयांची वाटणी होते. एकाने विज्ञान व गणित, दुसऱ्याने इतिहास-भूगोल, तिसऱ्याने भाषा, खेळ आणि चालू घडामोडी करायच्या. बाजारात मिळणारे प्रश्नसंच, गेल्या वर्षीच्या स्पर्धेत उतरवून घेतलेले प्रश्न आणि अलीकडे मोबाइलवर फिरणारे प्रश्न एका जाड वहीत गोळा होतात. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर शिक्षक प्रश्न विचारतात, मुले उत्तरे देतात. चुकलेले उत्तर दहा वेळा लिहून काढण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे.

या वाटणीचा परिणाम स्पर्धेच्या दिवशी व्यासपीठावर स्पष्ट दिसतो. इतिहासाचा प्रश्न आला की संघातील दोन चेहरे तिसऱ्याकडे वळतात. त्याला उत्तर आले तर संघाला दहा गुण. नाही आले तर इतर दोघांना काहीच करता येत नाही, कारण तो भाग त्यांनी वाचलेलाच नसतो. नियमाप्रमाणे संघाला आपसांत विचारविनिमय करण्यासाठी अर्धा मिनिट मिळतो. त्या अर्ध्या मिनिटात खरोखर विचारविनिमय झालेला आम्ही क्वचितच पाहिला. बझरच्या फेरीत तर तेवढाही अवकाश नसतो. नाव संघाचे असले तरी प्रत्यक्षात तीन स्वतंत्र स्मरणशक्ती एका टेबलाशी शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. कामाची वाटणी आणि सहकार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली तयारी पहिलीवरच थांबते, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

हा साचा आला कोठून?

प्रश्नमंजुषेचा आजचा साचा शाळेत जन्मलेला नाही, तो नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्यासाठी तयार झालेला आहे. अमेरिकेत १९५३ साली महाविद्यालयांच्या संघांची ‘कॉलेज बोल’ ही स्पर्धा नभोवाणीवर सुरू झाली. तिच्याच धर्तीवर १९६२ साली इंग्लंडमध्ये ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ दूरचित्रवाणीवर आली. आपल्याकडे १९७२ साली बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली. हमीद सायानी आणि त्यांच्यानंतर अमीन सायानी यांच्या आवाजात ती घराघरांत ऐकली गेली; १९९२ पासून ती दूरचित्रवाणीवर दिसू लागली. दरम्यान १९८५ साली दूरदर्शनवरील सिद्धार्थ बसू यांच्या ‘क्विझ टाइम’ने एका संपूर्ण पिढीला या प्रकाराची गोडी लावली.

श्रोत्याला खिळवून ठेवायचे तर प्रश्न लहान हवा, उत्तर एका शब्दाचे आणि वादातीत हवे, आणि निकाल तत्काळ लागायला हवा. प्रसारणाच्या दृष्टीने हे तिन्ही गुण मोलाचे आहेत. शिक्षणाच्या दृष्टीने ते तसेच मोलाचे आहेत का, हा प्रश्न साचा उचलताना कोणी विचारला नाही.

या प्रकाराचे फायदे आम्ही नाकारत नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन होते, माइकसमोर बोलण्याची भीती जाते, खेळकर चुरस निर्माण होते. पाठांतर सरसकट त्याज्य आहे असेही आम्ही मानत नाही. एका घनमीटरमध्ये हजार लिटर पाणी मावते हे ज्याला तोंडपाठ नाही, त्याला टाकीच्या पाण्याचा अंदाज करता येणार नाही. अडचण एवढीच की, माहिती हे साधन आहे आणि आपण साधन गोळा करूनच थांबतो.

दोन प्रश्नांचे उदाहरण

राष्ट्रीय विज्ञान दिन कोणत्या शोधाच्या स्मरणार्थ साजरा होतो, हा प्रश्न वाचून पुरा होण्याआधीच बझर वाजतो. ‘रामन परिणाम, २८ फेब्रुवारी १९२८.’ उत्तर बरोबर, दहा गुण, पुढचा प्रश्न. या शोधाची वाट मात्र एका साध्या कुतूहलातून निघाली होती. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना रामन यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. हा निळेपणा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी निकोल प्रिझमच्या साहाय्याने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळून पाण्याकडे पाहिले. निळा रंग कायम होता! पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, या निष्कर्षाकडे ते वळले. (पाण्यात लाल प्रकाश अधिक शोषला जातो, हेही त्या निळेपणाचे मोठे कारण आहे, हे आज आपण जाणतो.) तारीख सांगणाऱ्या मुलाला ‘समुद्र निळा आहे की निळा दिसतो, आणि हे ठरवायचे कसे?’ असे विचारून पाहावे. तिघांनी डोके एकत्र आणावे असा प्रश्न तो आहे, आणि नेमका तोच स्पर्धेत येत नाही, कारण त्याचे उत्तर कार्डावर एका शब्दात मावत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या परिसराचे. व्हर्नियर मापनपद्धतीचा जनक कोण, या प्रश्नाला पिंपळे गुरवातील मुले धडाधड उत्तर देतात, ‘पिअर व्हर्निये, १६३१.’ यांतील कित्येकांचे वडील भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात रोज व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक झाली तर तयार झालेला भाग बाद होतो हे जाणतात. मुलाला मात्र ते उपकरण हातात धरून एखाद्या तारेची जाडी मोजण्याची वेळ आलेली नसते. जी विद्या घरात आहे तिचा जनक फ्रान्समध्ये होता एवढेच त्याला ठाऊक असते. उद्योगनगरीतील शाळांनी तरी ही संधी वाया घालवू नये.

संघात कोण असावे?

अमेरिकेत माध्यमिक शाळांसाठी ‘अकॅडेमिक डेकॅथलॉन’ नावाची स्पर्धा आहे. १९६८ साली कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत ती सुरू झाली आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय पातळीवर गेली. कला, संगीत, साहित्य, अर्थशास्त्र, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, निबंध, भाषण आणि मुलाखत अशी तिची दहा अंगे आहेत. आमच्या दृष्टीने तिचा सर्वांत महत्त्वाचा नियम संघनिवडीचा आहे. संघ नऊ जणांचा असतो, आणि त्यांत शाळेतील गुणांप्रमाणे वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा प्रत्येक श्रेणीतील तिघे घ्यावे लागतात. प्रत्येक श्रेणीतील पहिल्या दोघांचे गुण संघाच्या बेरजेत धरले जातात. त्यामुळे खालच्या श्रेणीतील मुलांना नावापुरते बसवून भागत नाही. त्यांना शिकवल्यावाचून कोणतीही शाळा जिंकू शकत नाही.

या स्पर्धेतही दोष आहेत. बहुतेक विषयांची परीक्षा बहुपर्यायी आणि वैयक्तिकच असते. संघाचे गुण म्हणजे अखेर बेरीज. केवळ उत्तराला किंमत दिली की काय होते, याचा धडाही याच स्पर्धेने दिला. १९९५ साली इलिनॉय राज्यात शिकागोच्या एका शाळेच्या संघाने प्रश्नपत्रिका आधीच मिळवून विजेतेपद पटकावले. प्रकरण उघडकीस आल्यावर ते काढून घेण्यात आले. ही लबाडी होती, तिची तुलना आपल्या शिक्षकांच्या मेहनतीशी आम्ही करत नाही. परंतु ‘प्रश्न येण्यापूर्वीच उत्तर हाती असणे’ हेच तयारीचे ध्येय ठरले, तर प्रामाणिक वाट आणि आडवाट एकाच गावाला जातात, हे ध्यानात घ्यायला हवे.

तरीही तो निवडीचा नियम विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे प्रश्नमंजुषा, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन, शिष्यवृत्ती या सर्वांना तीच तीन-चार मुले जातात. पिंपळे गुरवसारख्या वस्तीत, जेथे लातूर, बीड, सोलापूर अशा जिल्ह्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, घरात पहिल्यांदाच नववी-दहावीपर्यंत पोहोचलेली मुले वर्गात असतात. स्पर्धा म्हणजे टाळ्या वाजवायला सभागृहात बसणे, एवढाच अनुभव त्यांच्या वाट्याला येतो. ज्ञान ही आपल्यासाठी नसलेली, व्यासपीठावरच्या तिघांची गोष्ट आहे, हा धडा ती न शिकवता शिकतात. पंचेचाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात तिघांना ढाल मिळाली आणि उरलेल्यांनी हा धडा घेतला, तर सौदा तोट्याचा झाला असे आम्ही म्हणू.

एका स्पर्धेत गुणांची बेरीज चालू असताना वेळ काढायचा म्हणून आम्ही व्यासपीठावरील संघांना विचारले, ‘या शाळेच्या छतावरील टाकीत किती लिटर पाणी मावेल?’ सगळ्या संघांनी उलट विचारले, ‘टाकीची मापे किती?’ ती आम्हांलाही ठाऊक नाहीत म्हटल्यावर सगळे गप्प झाले. मागच्या रांगेतून त्याच शाळेच्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, ‘सर, उन्हाळ्यात टँकर आला होता. एका टँकरने टाकी भरली नाही, दुसरा आणावा लागला, त्यातला अर्धा उरला. टँकरवर दहा हजार लिटर लिहिलेलं होतं.’ म्हणजे सुमारे पंधरा हजार लिटर. नंतर मापे घेतली तेव्हा टाकी तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल निघाली. घनफळ बरोबर पंधरा घनमीटर. ही मुलगी कोणत्याच संघात नव्हती, राखीवही नव्हती.

पुण्यात भरलेली एक स्पर्धा

बहुविषयी आणि खऱ्या अर्थाने सांघिक अशी कसोटी घेता येते, याचा पुरावा दूर शोधायला नको. आंतरराष्ट्रीय कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाड ही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची स्पर्धा २००४ साली इंडोनेशियात सुरू झाली आणि २०१३च्या डिसेंबरात ती पुण्यात भरली होती. भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय तीत एकत्र येतात. प्रत्येक देशाचे सहा विद्यार्थी असतात. बहुपर्यायी परीक्षेला तीस, दीर्घोत्तरी परीक्षेला तीस आणि प्रयोगाला चाळीस गुण अशी तिची घडण आहे. सर्वाधिक गुणांचा हा प्रयोग एकट्याने करायचा नसतो. तिघांच्या संघाने तीन-चार तास एका टेबलाशी मिळून करायचा असतो. कोणी मोजायचे, कोणी नोंदवायचे, शंका आली तर मोजणी पुन्हा करायची का, हे सर्व तिघांनीच ठरवायचे असते.

आपल्याकडील निवडीची वाट मात्र पाहण्यासारखी आहे. पहिली पायरी देशव्यापी बहुपर्यायी परीक्षेची, दुसरी लेखी परीक्षेची, आणि तिसरी मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या शिबिराची. शिबिरात प्रयोग असतात आणि ते उत्तम असतात. पण तेथपर्यंत देशातील मोजकीच मुले पोहोचतात. उरलेल्या हजारो मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना ही स्पर्धा म्हणजे पर्यायांवर खुणा करण्याची एक परीक्षा एवढीच दिसते, आणि शिकवणीवर्ग तयारी करून घेतात ती त्याच पायरीची. शिखरावर सांघिक प्रयोगाला शंभरात चाळीस गुण, आणि पायथ्याशी त्याची गंधवार्ता नाही, ही विसंगती दूर व्हायला हवी.

महाराष्ट्रात याहून जुने प्रयत्नही झालेले आहेत. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ साली सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाचा टप्पा आहे. प्रश्नसंच पाठ करणारा मुलगा तेथे अडतो. स्पर्धा वैयक्तिक असली तरी हाताला काम देणारी आहे. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने मुलांच्या लहान गटांना आपल्या परिसरातील प्रश्न घेऊन प्रकल्प करायला लावले. या दोहोंतील गुण आपल्या आंतरशालेय स्पर्धांनी उचललेले नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

कारखान्यातला संघ

संघ म्हणून विचार कसा करायचा, हे शिकवणारी माणसे औद्योगिक पट्ट्यातील शाळांच्या दाराशीच उभी आहेत. १९६२ साली जपानमध्ये ‘क्वालिटी सर्कल’ची कल्पना पुढे आली, १९८०च्या सुमारास हैदराबादच्या ‘भेल’ कारखान्यातून ती भारतात आली आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतही रुजली. एकाच विभागात काम करणारे सात-आठ कामगार ठरावीक दिवशी तासभर एकत्र बसतात, रोजच्या कामातील एक अडचण निवडतात आणि तिची कारणे शोधतात. यासाठी ते कारखान्यात ‘फिशबोन’ म्हणून ओळखली जाणारी, माशाच्या काट्यासारखी आकृती काढतात. मुख्य काटा म्हणजे अडचण. त्याला जोडलेले यंत्र, माणूस, माल, पद्धत असे बाजूचे काटे. जपानच्या काओरू इशिकावा यांच्या नावाने ती ओळखली जाते. या बैठकीत सर्वांत नव्या कामगाराचे म्हणणेही काट्यावर लिहिले जाते, आणि कोणते कारण खरे हे साहेबाच्या मतावरून न ठरता मोजमाप करून ठरते.

ज्या पालकांनी अशा बैठकांत भाग घेतला आहे त्यांतील एखाद्याला शाळेत बोलवावे. ‘वर्गातील नळ सदा का गळतो?’ किंवा ‘दहा मिनिटांच्या सुट्टीनंतर वर्ग भरायला पंचवीस मिनिटे का लागतात?’ असा प्रश्न घेऊन फळ्यावर माशाचा काटा काढून घ्यावा. शाळेत पालक म्हणून मागच्या बाकावर संकोचून बसणारा माणूस त्या तासाला शिक्षक होतो, आणि त्याच्या मुलाची मान ताठ होते. हा लाभ कोणत्याही ढालीपेक्षा कमी नाही.

पवनेच्या काठची तयारी

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. पिंपळे गुरव पवना नदीच्या काठी वसलेले आहे. येथून थोडे पुढे, दापोडीजवळ, पवना मुळेला मिळते. सहा मुलांच्या एका गटाला पुढील प्रश्न द्यावा: ‘आपल्या गावाजवळ पवनेतून सेकंदाला किती पाणी वाहते, आणि त्यात मासे जगू शकतील का?’ याचे उत्तर कोणत्याही प्रश्नसंचात नाही.

वेग मोजण्यासाठी नदीत काही टाकण्याची गरज नाही. जलपर्णीचे तुकडे आणि फेस वाहत असतातच. शिक्षकांच्या देखरेखीखाली, काठाच्या सुरक्षित जागेवरून दोन खुणांमधील पाच मीटर अंतर ठरवावे आणि तुकड्याला लागणारा वेळ दोघांनी स्वतंत्र मोजावा. पाण्यात कोणीही उतरू नये. समजा एकाला ४६ सेकंद मिळाले आणि दुसऱ्याला ५५. येथेच खरे शिक्षण सुरू होते. कोणाचे बरोबर? घड्याळ उशिरा दाबले गेले का? दुसरा तुकडा काठाला घासत होता का? प्रश्नमंजुषेत असा मतभेद सूत्रधाराच्या हातातील कार्ड मिटवते. येथे कार्ड नाही. दहा वेळा मोजून, सरासरी काढून, एकमेकांना पटवूनच तो मिटवावा लागतो. संशोधन संस्थेतील आमचे रोजचे कामही याहून फारसे निराळे नसते.

सरासरी ५० सेकंद आली तर पृष्ठभागावरील वेग सेकंदाला ०.१ मीटर. तळाशी पाणी हळू वाहते म्हणून त्याला साधारण ०.८५ने गुणतात. पात्राची रुंदी नकाशावरून किंवा पुलावर पावले मोजून काढता येते. खोलीसाठी जुन्या रहिवाशांना विचारावे, महापालिकेच्या अभियंत्यांना पत्र लिहावे. रुंदी ३० मीटर आणि सरासरी खोली एक मीटर धरली, तर प्रवाह सेकंदाला सुमारे अडीच घनमीटर, म्हणजे अडीच हजार लिटर येतो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १९ माणसांचे दिवसभराचे पाणी समोरून वाहते आहे! ही मापे आम्ही गृहीत धरलेली आहेत. खरी मुलांनी काढायची आहेत, आणि पावसाळ्यात व एप्रिलमध्ये ती किती बदलतात तेही पाहायचे आहे.

माशांचा प्रश्न रसायन आणि जीवशास्त्राकडे नेतो. स्वच्छ पाण्यात २० अंश सेल्सियस तापमानाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. मत्स्यजीवनासाठी निदान ४ मिलिग्रॅम हवा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना जिवाणू हा प्राणवायू वापरतात, आणि जलपर्णीच्या चादरीमुळे हवेतून नवा प्राणवायू मिसळणे मंदावते. विंकलर पद्धतीने त्याचे मापन जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून घेता येईल.

आणि एवढ्यावर प्रश्न संपत नाही. हे पाणी येते कोठून? मावळातील पवना धरणातून सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून शहराला दिले जाते. धरणातून थेट बंद नळाने पाणी आणण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन जणांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०१९मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र नदीच्या एका प्रश्नात असे येऊन मिळतात. शेवटी या सर्वांचा चार पानांचा मराठी अहवाल लिहायचा म्हणजे भाषेचीही परीक्षा झाली. बहुविषयी तयारी ती हीच, असे आमचे मत आहे.

काही शंका

शिक्षकमित्रांच्या मनात येणाऱ्या शंका आम्हांला ठाऊक आहेत. पहिली, स्पर्धेचे नियम आयोजक ठरवतात, शाळा नाही. हे खरे, पण आयोजक मंडळांत शिक्षकच असतात. पाच फेऱ्यांपैकी एक जरी सांघिक फेरी ठेवली तरी तयारीची दिशा बदलेल. एक वस्तू, एक प्रश्न, कागद-पेन्सिल आणि पंधरा मिनिटे पुरेत. ‘या वहीच्या एका पानाची जाडी किती?’ हा प्रश्न आणि एक फूटपट्टी, यांवर चांगली फेरी होऊ शकते. एक पान मोजता येत नाही, शंभर पाने येतात, हे संघाने शोधायचे.

दुसरी शंका, अशा उत्तरांना गुण कसे द्यायचे? दहापैकी चार गुण पद्धतीला, तीन अंदाजाच्या योग्यतेला आणि तीन स्पष्टीकरणाला द्यावेत. स्पष्टीकरण कोणी द्यायचे हे मात्र परीक्षकाने चिठ्ठी टाकून ठरवावे. आपले नाव निघू शकते हे कळले की तिघेही समजून घेतात आणि तिघेही एकमेकांना समजावतात. चिठ्ठीची ही युक्ती वर्गातील गटकार्यातही उपयोगी पडते.

तिसरी शंका वेळेची. वही भरून घ्यायला लागणारे दोन-तीन महिने आपण आजही देतच आहोत. त्यातील निम्मा वेळ पवनेच्या काठावर, टाकीच्या मापांवर आणि फळ्यावरील माशाच्या काट्यावर गेला तर वहीतील काही प्रश्न राहून जातील. एखादी ढालही जाईल. त्या बदल्यात वर्गातील तीसएक मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतः मोजलेले असेल.

या वर्षी संघाची नावे पाठवण्याचे पत्र येईल तेव्हा मुख्याध्यापकांनी आणि विज्ञानशिक्षकांनी एक लहानसा बदल करून पाहावा. गुणपत्रिका उघडण्याआधी सगळ्या वर्गाला मापे न सांगता एखादा अंदाजाचा प्रश्न द्यावा, मुलांना चार-चारच्या गटांत बसवावे आणि अर्धा तास काहीही न बोलता वर्गात फिरावे. कोण विचारतो, कोण दुसऱ्याचे ऐकतो, कोण फुटपट्टी आणायला उठतो, हे टिपून ठेवावे. संघाची यादी त्या टिपणावरून करावी. ती गुणपत्रिकेवरील यादीहून वेगळी निघाली, तर त्या दोन याद्यांतील फरक आम्हांला अवश्य कळवावा.